बुक्क्याशिवाय नाव पक्कं होत नाही

द्वारके, तू गेल्यापासून माझा उजवा हात दुखायलाय. खांद्यापासून मुठीपर्यंत. उज्ज्वला म्हणते, आई, वय झालं तुझं. माझ्याच पोटची पोर, तिला काय सांगू. या हाताचं काम गेलं. जन्मभर नणंदेच्या पाठीत बुक्के घालून पोसलेला हात, आणि ती पाठ तुझा दादा नि गल्लीतली माणसं उचलून नदीवर घेऊन गेली. मी दारात उभी राहून तुला शिव्या घालत होते. बायांना वाटलं, वहिनी रडायलीय.

कुठं जन्मलीस, काय शिकलीस, टायपिंगची इन्स्टिट्यूट कधी काढलीस, हे सगळं तुझ्या क्लासच्या मुलींनी फ्लेक्सवर छापून चौकात लावलंय. फोटो नेमका डोळे मिटलेला घेतलाय. तू असतीस तर फ्लेक्सवाल्याला त्याच्याच फ्लेक्समध्ये गुंडाळून नाक्यावर उभा केला असतास. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपली भांडणं अर्धी राहिलीत, ती पुरी करायचीत. त्यातलं एक तर आत्ताच मिटवायला पाहिजे, कारण तुझ्या लेकराचं नाव बदलायला निघालेत.

लेकरू म्हणजे तुझा तो मराठी टायपिंग शिकवायचा प्रोग्राम. डोळ्यांचं पाणी होईपर्यंत बसून लिहिलास आणि जगाला फुकट देऊन टाकलास. कुणीही घ्या, आतून उघडून बघा, दुरुस्त करा. बोट चुकलं की स्पीकरातून धप्प असा आवाज येतो, पाठीत बसल्यासारखा. परभणी जिल्ह्यातल्या किती पोरी त्या धप्पला दचकून नोकरीला लागल्या. त्याचं नाव तू इंग्रजी अक्षरांत लिहिलंस, के, यू आणि पुढं तीन आर. म्हणायचं कसं, ते कुठंच लिहिलं नाहीस.

तू अंथरूण धरल्यावर ज्या दोघांनी तो प्रोग्राम सांभाळायला घेतला, एक कोचीचा आणि एक कुठल्यातरी बर्फाच्या देशातला, त्यांचा निरोप आलाय. सईने, उज्ज्वलेच्या मुलीने, मला मराठी करून वाचून दाखवला. तू गेल्याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण नावावरून लोक भांडतायत. कुणी 'कर' म्हणतं, कुणी 'क्युअर', एक जण तर 'कुरकुर' म्हणतो. नवी आवृत्ती निघायच्या आत घरातल्या कुणीतरी आवाजात म्हणून पाठवावं, नाहीतर ते सोपं नाव देणार. 'टाइप-इझी'.

टाइप-इझी ऐकल्यावर मी सईचा फोन भिंतीवर मारणार होते. तिनं माझं मनगट धरलं. ही पोरगी तुझ्यावर गेलीय, पकड लय घट्ट आहे.

आता त्यांना मी काय सांगू, द्वारके? ते नाव तोंडानं म्हणायचं नाहीच मुळी. ते पाठीनं म्हणायचं असतं.

तुला आठवतं ना उज्ज्वलेचं बारसं? मला तर आठवतंच, कारण त्या दिवसाइतकी मूर्ख मी पुन्हा कधी झाले नाही, आणि स्पर्धा काही कमी नव्हती. मॅट्रिकला इंग्रजीत पास झालेली घरातली एकटी सून. बाळंतपणाच्या काजळात आणि घमेंडीत बसले होते. सगळ्यांना सांगत होते की मुलीचं नाव इंग्रजीत कसं लिहितात ते फक्त मला येतं. नाव ठेवायला आत्या पाहिजे म्हणून तू सासरहून, पालमहून एसटीनं आलीस. पदर पाठीवरून घट्ट गुंडाळलेला. उन्हाळ्यात.

पाळण्यावर वाकलीस, पोरीच्या कानाला तोंड लावलंस आणि कुर्र केलंस. रीतीप्रमाणं आम्ही सगळ्या बाया तुझ्या पाठीत बुक्के घालायला सरसावलो आणि तुझा पदर घसरला. ब्लाउजच्या वरच्या कडेपासून मानेपर्यंत पट्ट्याचे वळ. काही निळे, काही नुकतेच फुटलेले. तुझ्या नवऱ्याचा हात कसा चालतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण ऐकणं वेगळं. सासूबाईंचा हात वरच्या वर राहिला. सगळ्यांचे राहिले. घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आलेली शेजारीण तशीच माघारी गेली.

तू वाकलेलीच. तोंड पोरीच्या कानात. तिथूनच म्हणालीस, "का थांबल्या गं? मारा की. रीत हाय. न्हाईतर नाव पक्कं व्हायचं न्हाई."

कुणी हललं नाही. आणि मग तुझ्या अर्धवट वहिनीनं, जिला कसलीच अक्कल नव्हती, मूठ आवळून तुझ्या पाठीत असा एक बुक्का घातला की पाळणा हलला. सासूबाई किंचाळल्या. तू मात्र सरळ झालीस, पदर घेतलास आणि माझ्याकडं बघून हसलीस. दातात रक्त होतं, ओठ चावला होतास. म्हणालीस, "वैनी, हात चांगलाय तुमचा."

संध्याकाळच्या गाडीनं तुला पालमला परत पोचवायचं ठरलं होतं. तू गेली नाहीस. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. नंतर कुणी विचारलं तर सांगायचीस, "आजवर लय मार खाल्ला, पण मागून घेतलेला तेवढाच. मागितलेल्याची मजा वेगळी असते, हे कळल्यावर बाकीचा कोण खाईल?" आणि मी आपली इतकी वर्षं समजून चालले की माझ्या बुक्क्यानं तुझं आयुष्य बदललं. अशी टिमकी वाजवायचे की तू शेवटी एकदा माझ्या तोंडात पिठाचा गोळा कोंबलास.

मग एक दिवस तो आला, तुझा नवरा. तुझ्या इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा टाइपरायटरची मशिनं होती. मुली बडवत बसलेल्या, त्या खडखडाटात त्यानं दारातून येऊन तुझी वेणी धरली आणि तुला खुर्चीसकट ओढली. खुर्ची पडली, तू पडलीस, तरी तो ओढतच होता. मी चहा घेऊन आले होते. किटली त्याच्या मांड्यांवर गेली. मी ती फेकली असं तू सगळ्यांना सांगायचीस. माझ्या हातून निसटली असं माझं म्हणणं आहे. हे भांडण पण आपलं राहूनच गेलं. पण पुढचं मान्य करते. साफ करायला काढलेला मशिनचा रोलर टेबलावर होता, तो मात्र निसटला नाही. तो मी दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर मारला.

तो गुडघ्यावर आला तसं मशिनांचा आवाज थांबला. मुली उठल्या. त्यांनी त्याला खाली दाबलं. मुठी आवळल्या. आणि जमिनीवरून, सुटलेले केस तोंडावर, तू म्हणालीस, "थांबा गं. आधी नाव तर ठेवू द्या."

सरपटत त्याच्याजवळ गेलीस. त्याच्या कानाशी वाकलीस. कुर्र केलंस आणि एक नाव ठेवलंस जे मी इथं लिहू शकत नाही, हा लेख घरात लहान मुलं पण वाचतील. मग मुलींनी ते नाव पक्कं केलं. चांगलं खणखणीत पक्कं केलं. स्टेशनपर्यंत तो त्याच नावानं गेला. पुन्हा कधी आला नाही.

त्याचा दात नंतर कोपऱ्यातल्या मशिनखाली सापडला. तू तो हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलास. परवा तुझी पेटी आवरताना डबी हातात आली. तुझ्याबरोबर द्यायची राहून गेली बघ. आता काय करू तिचं, ते पण सांगून गेली नाहीस. त्या दिवसापासून मी तुला 'तुमी' म्हणायचं सोडलं. रोलर हातात घेऊन एकीसाठी लढल्यावर तिला 'अहो ताई' म्हणता येत नाही.

मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. जुने, हैदराबादहून गाडीत घालून आणलेले. विकतचं सॉफ्टवेअर परवडायचं नाही, म्हणून मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीडी. त्यांच्यावरच्या प्रोग्रामांची नावं आठवली की अजून हसू येतं. आपल्याकडं नावं छापील आली, द्वारके. आवाज आलाच नाही. आपल्या पूर्णेसारख्या गावात कुणाला विचारणार? स्टेशनमास्तरला? लेकरं घरात येऊन बसली होती आणि त्यांना हाक मारता येत नव्हती.

तू म्हणालीस, "मग बारसं करू. आत्या मी हाय."

किती साधा उपाय, आणि किती घातकी. सीडी घातली, नवं काही बसवलं की कॉम्प्युटरला हळदकुंकू, मुलींना घुगऱ्या. तू कॉम्प्युटरच्या डब्याशी वाकायचीस, कुर्र करून तुला सुचेल तसं नाव म्हणायचीस, आणि आम्ही तुझी पाठ फोडायचो. बुक्के पडले की नाव ठरलं. त्याच्यावर अपील नाही. 'ग्नू' तसाच ठरला, 'ग्नोम' तसाच. चित्रांच्या प्रोग्रामला तू 'जिंप' म्हणालीस. मला 'गिंप' पाहिजे होतं, म्हणून मी जरा जास्तच जोरात मारलं. तू वळून माझ्या झिंज्या धरल्यास. मुली म्हणायच्या, आज मोठं सॉफ्टवेअर आलंय वाटतं.

कॉम्प्युटर ज्याच्यावर चालायचे त्या मूळ प्रोग्रामला मी 'लायनक्स' म्हणायचे. का? तर 'लाइन' असं वाचतात ना, मॅट्रिकचं इंग्रजी. 'लिनक्स' म्हणून तू बारसं केल्यावरही मी ऐकलं नाही. वर्षभर फळ्यावर मराठीत 'लायनक्स' लिहायचे, तू पुसायचीस. एकदा डस्टर फेकून मारलास, इथं कपाळावर अजून खूण आहे. सई लहान असताना विचारायची, आजी, हे काय? मी सांगायचे, तुझ्या आत्याआजीचं लिनक्स.

आणि ते दुसरं, वेबसाइट चालवायचं, एन, जी, आय, एन, एक्स. तू वाकून म्हणालीस 'न्गिंक्स'. आम्ही मारून पक्कं केलं. क्लासातली आपली शबाना तेच नाव घेऊन पुण्याला मुलाखतीला गेली. परत आली ती स्टेशनवरून थेट क्लासमध्ये, पाय आपटत. बॅग टेबलावर अशी आदळली की कीबोर्ड खाली.

"मॅडम, तुमी मला मारलं."

"कुणी, मी? कुठं लागलं?" तू विचारलंस.

"चार माणसं बसली होती. मी न्गिंक्स म्हटलं. चारीच्या चारी हसायलेत. 'एंजिन-एक्स' म्हणतात त्याला, एंजिन."

बाहेर गाडीनं भोंगा दिला. जंक्शनच्या गावात जन्म काढला, इंजिनाच्या आवाजावर घड्याळ लावलं, आणि दारात आलेलं इंजिन आपल्याला ओळखू आलं नाही, द्वारके. मी हसायला लागले. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की हसू आत गेलं. मग शबानाला विचारलंस, "नोकरी मिळाली का?"

"मिळाली. पण हसले ना."

"हसू दे. त्यांच्या बारशाला कोण होतं? आपल्याकडं बुक्के बसलेत."

शबानानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "मग मला बी एक द्यायचाय, जुना हिशोब." आणि दिला. तुझ्या बरगडीत. तू खोकत खोकत तिला पेढा दिलास. पण 'न्गिंक्स' बदललंस नाही. आजही पूर्णेत कुणी 'न्गिंक्स' म्हटलं की समजावं, ही आपली पोरगी.

मग एके दिवशी त्याच शबानानं फोनवर तो आवाज पाठवला. लिनक्स करणाऱ्यानं स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलंय, मी हे नाव असं म्हणतो. आम्ही सगळ्या फोनभोवती बसलो. आणि त्याच्या तोंडून आलं, 'लिनुक्स' असं काहीतरी. तू म्हणालीस, "बघ, जिंकले." मी म्हटलं, "उ कुठून आला? तुझ्यात न्हवता." तिथंच आपण दोघी, केस पांढरे झालेल्या बाया, एकमेकींच्या पदराला धरून उलट्यापालट्या झालो. मुलींनी सोडवलं.

त्या दिवशी उशिरानं, केस विंचरता विंचरता तू म्हणालीस, "बिचाऱ्यानं लेकराचं बारसं एकट्यानंच केलंय गं. आत्या नसंल त्याला. आणि मारणारं बी कुणी न्हाई. नुसतंच नाव. कसं टिकावं ते."

मी म्हटलं, तू पण तुझ्या प्रोग्रामचं नाव तसं भरून ठेव. तू म्हणालीस, "भरते की. पण मार पडला पाहिजे, त्याच्याशिवाय न्हाई. कुर्र म्हणजे काय नुसतं तोंडाचं हाय व्हय?" मग आज करू, उद्या करू. पाठ कुठं पळून चालली होती.

पाठच गेली. डॉक्टरनं फोटो दिव्यासमोर धरून दाखवला, मणके खडूसारखे झालेत. शिंक आली तरी जपा म्हणाला. तुला फळीवर झोपवलं. आणि तू एका दुपारी म्हणालीस, "वैनी, लाव फोन. आवाज भरून टाकू. मी म्हणते, तू मार."

"मी न्हाई मारणार."

"मग मी न्हाई म्हणणार."

"डॉक्टरनं काय सांगितलं, ऐकलंस का?"

"त्याच्या बारशाला मी न्हवते. तू मार. एकच."

"मरशील, द्वारके."

"ते तर बसल्या जागी बी मरायलेच. नाव पक्कं करून मरते."

मी उठून खिडकीशी गेले. तू पाण्याचा पेला उचललास आणि मला फेकून मारलास. जन्मात तुझा नेम कधी चुकला नव्हता. डस्टर, लाटणं, सीडीचं कव्हर, एकदा तर अख्खा माउस वायरीसकट. पेला तुझ्या पायापाशीच पडला. माझ्यापर्यंत आलाच नाही. तेव्हा मला कळलं. मी पेला उचलला, पुसला, भरून ठेवला. तू भिंतीकडं तोंड करून पडलीस आणि ती पाठ माझ्यासमोर होती. इतकी बारीक, की मूठ ठेवायलाही जागा नव्हती. मी तिच्यावर नुसता हात ठेवला. तू म्हणालीस, "हे काय कामाचं."

हेच शेवटचं भांडण, द्वारके. तू मागितलास आणि मी दिला नाही. त्या पहिल्या बारशाला सगळ्यांचे हात थांबले तेव्हा जिचा थांबला नाही, तिचा यावेळी थांबला. अक्कल आली होती ना मला. म्हातारपणी आली, नको तेव्हा.

तर टाइप-इझी. काल सईला म्हटलं, बोलव सगळ्यांना. नाव ठेवायचा हक्क आत्याचा, भावजयीचं काम मारायचं, हे मला माहीत आहे. पण आत्या नदीवर गेली. उरलेय ती मारणारीच. मग वाकायला पण तिनंच पाहिजे.

इन्स्टिट्यूटमध्ये तुझ्याच कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. शबाना पुण्याहून आली, येताना तिच्या कारट्याला पण घेऊन आली. घुगऱ्या उज्ज्वलेनं केल्या, मीठ जास्त. सईनं फोन चालू करून टेबलावर ठेवला. मी पदर खोचला, वाकले, डब्याशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. र चांगला लांबवला. तुझ्याइतका नाही येत मला, दातांच्या फटीतून वारा जातो.

मागं काहीच नाही. मी वाट बघायले. पंख्याचा आवाज येतोय. मान वळवून बघितलं तर सगळ्यांच्या मुठी वर, आणि तशाच. शबानाच्या डोळ्यांत पाणी. उज्ज्वला म्हणाली, "आई, तुझी पाठ… तुझं वय बघ ना."

तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप निघालं, विचार करून नाही. "का थांबल्या गं? मारा की. रीत हाय. न्हाईतर नाव पक्कं व्हायचं न्हाई."

बसला. असा बसला की कपाळ कॉम्प्युटरला लागलं आणि डोळ्यांपुढं काजवे. कुणाचा, ते मागं न बघता कळलं. जिच्या कानात तू कुर्र केलं होतंस, जिचं नाव माझ्या बुक्क्यानं पक्कं झालं होतं, तिचाच. उज्ज्वलेचा हात माझ्यावर गेलाय, द्वारके. मग बाकीच्यांनी पण हात धुऊन घेतले. मी सरळ झाले तेव्हा जीभ चावली गेली होती, आणि तू नवऱ्याच्या कानात ठेवलेलं ते नाव माझ्या तोंडातून मोठ्यानं बाहेर पडलं.

सईनं विचारलं, "आजी, मधलं सगळं काढून नुसतं कुर्र पाठवू का?"

मी म्हटलं, एक अक्षर काढलंस तर रोलर अजून माझ्याकडं आहे. जसं आहे तसं गेलं. कुर्र, मग ती शांतता, मग माझं ओरडणं, मग धप्प, आणि शिवी. सईनं खाली एक ओळ लिहिली, की या नावाचा उच्चार दोघांशिवाय होत नाही, एक वाकणारा लागतो आणि एक मारणारा.

आज सकाळी उत्तर आलं. नाव राहिलं. टाइप-इझी गेलं खड्ड्यात. आणि त्या बर्फाच्या देशातल्या पोरानं स्वतःचा आवाज भरून पाठवलाय, बरोबर येतंय का विचारायला. आधी त्याचं कुर्र, जरा घशातून. मग धप्प. मग तो कुणाशी तरी त्याच्या भाषेत काहीतरी बोलतो आणि एक बाई हसते.

मी परत परत ऐकलं. उच्चार ठीक आहे, द्वारके. बुक्का मात्र फार हळू. सांगून ठेवलंय, पुन्हा करा.